सहा इंची घडीचा चाकू वावरात चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा. आर्वीकडचे एक भाऊ पुण्यात नोकरीला आहेत. गावी पासष्टीचे वडील वावर सांभाळतात: संत्र्याची दोनशे झाडं, बाकी तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दिवाळीला वडिलांसाठी सहा इंच पात्याचा घडीचा चाकू न्यायचं त्यांच्या मनात आहे. व्हिडिओत पाहिला आणि मनात भरला. विचारतात, "हा शेतात कामाला येईल की नुसती हौस? आणि खिशात ठेवला तर पोलिसांची भानगड होईल का?"

भाऊ, आधी हौसेचं बोलतो, कारण त्या बाबतीत मी स्वतः कबुलीजबाब द्यायच्या लायकीचा आहे.

वरुडच्या बाजूला आमचं अवजारांचं दुकान आहे, मागे भट्टी. आजोबा भाता ओढायचे, आता ब्लोअर आहे, एवढाच फरक. मला तिथं बसून बत्तीस वर्षं झाली. रोजचं काम म्हणजे विळे, कुऱ्हाडी, वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा, कोयत्यांच्या मुठी, आणि दिवसभर धार लावणं. पण गल्ल्याखालच्या खणात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले माझे आठ घडीचे चाकू आहेत. त्यातला सगळ्यात मोठा सहा इंच पात्याचा, म्हणजे तुम्ही मागवताय त्याचाच भाऊबंद. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तो काढतो, उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. बायको म्हणते, "झालं का तुमचं खेळणं सुरू?" तिचं काही चुकत नाही.

त्या उघडण्यातच सगळी मजा आहे. चाकू मिटलेला असतो तेव्हा ती नुसती एक मूठ असते, लाकडाची किंवा फायबरची, कुणाच्या नजरेत न भरणारी. अंगठ्याने पातं ढकललं की हातातली वस्तू बघता बघता दुप्पट होते, आणि शेवटी खटका बसतो तो 'खट्ट' आवाज मनगटापर्यंत जाणवतो. विळ्यात ही गंमत नाही. विळा कायम उघडाच.

ही हौस काही आजची नाही. घडीचे चाकू रोमन काळातले सापडलेत. स्पेनमधल्या आल्बासेते गावची नावाखा ही लांबलचक, बाकदार घडीची सुरी. तिच्या खटक्याला दातेरी पट्टी असायची आणि उघडताना ती कर्रकर्र वाजायची. आपल्याकडे तोच आवाज रामपुरीचा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू आपल्या पिढीला सिनेमातल्या गुंडाच्या हातातच दिसला, त्यामुळे बिचाऱ्या कारागिरांचं नाव मागे पडलं आणि गुंडांचं पुढे आलं. त्या गावाने 2023 मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय. आपल्या कारागिरीचा असा अभिमान बाळगणारं गाव मला आवडतं, मग चाकू कामाचा असो वा नसो.

हल्ली ज्या भल्यामोठ्या घडीच्या चाकूंचे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक अमेरिकी धाटणीचे. कोल्ड स्टील नावाच्या कंपनीने असे चाकू काढून नाव कमावलं. त्यांच्या एस्पाडाचं सगळ्यात मोठं पातं साडेसात इंच, उघडला की टोकापासून बुडापर्यंत पावणेसतरा इंचांच्या आसपास. म्हणजे हातभर झाला की हो! फ्रान्सच्या सावोआ भागातले ओपिनेल 1890 पासून लाकडी मुठीचे साधे, सुबक चाकू करतात. त्यांचा 13 नंबरचा चाकू 22 सेंटीमीटर पात्याचा, आणि त्याला तिकडे 'राक्षस' म्हणूनच ओळखतात. पण त्यांचा रोजच्या वापरात सगळ्यात जास्त दिसणारा नंबर 8 आहे, पातं साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन इंच. दुसरं एक गाजलेलं मॉडेल, 1964 च्या सुमाराचं बक 110, शिकाऱ्यांसाठीच केलेलं. त्याचं पातं पावणेचार इंच. हरणाची कातडी सोलणाऱ्याला पावणेचार इंच पुरले, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

चाकूची घडी करायचीच कशाला? तो खिशात मावावा म्हणून. पातं मुठीत झाकून टोक आणि धार सुरक्षित राहावी म्हणून. त्या दोन फायद्यांसाठी आपण चाकूच्या ऐन कण्यात एक सांधा ठेवतो. पातं तीन इंचाचं असेल तर सौदा बरा आहे. सहा इंच पात्याला किमान सात इंच मूठ लागते, कारण पातं तिच्यात मावलं पाहिजे. सात इंचांची ही जाड पट्टी पँटच्या खिशात घालून ट्रॅक्टरवर बसून बघा, किंवा संत्र्याच्या झाडाखाली उकिडवे बसा. मांडीत रुतते. मग माणूस चाकू पिशवीत टाकतो. आणि पिशवीतच टाकायचा असेल तर सांधा कशाला हवा होता? कातडी म्यानातली सरळ सहा इंची सुरी पिशवीत तेवढीच जागा घेते, चौथाई किमतीत मिळते, आणि तिच्यात मोडण्यासारखं काही नसतं.

आता सांध्याचं गणित सांगतो, हे नीट ऐका. पात्याच्या मुळाशी एक पिन असते, तिच्याभोवती पातं फिरतं. उघडल्यावर पातं परत मिटू नये म्हणून खटका त्याला अडवतो. हा खटका पिनेपासून किती लांब असतो? पाव ते अर्धा इंच, फार तर थोडा जास्त. समजा सहा इंची पात्याच्या टोकावर पाठीकडून पाच किलोचा जोर आला. सहा गुणिले पाच, तीस. भागिले अर्धा इंच, साठ. म्हणजे टोकाला पाच किलो, पण खटक्यावर साठ किलो. खटका पाव इंचावर असेल तर एकशेवीस. हेच तीन इंची पात्याला निम्मं होतं. सब्बलीने दगड उचकटतो तोच हिशेब, फक्त इथं उचकटला जाणारा दगड म्हणजे आपलाच खटका.

तरी यात एक मेख आहे, आणि ती न कळल्यामुळेच बोटं कापतात. धार खाली करून आपण कापतो तेव्हा पातं मिटायच्या नाही, आणखी उघडायच्या दिशेने ढकललं जातं. तो भार आतल्या अडणीवर जातो, खटक्यावर येत नाही. त्यामुळे कापताना कितीही जोर लावा, चाकू भक्कमच वाटतो. खटक्याची परीक्षा कापताना होत नाही. रुतलेलं पातं आपण वर ओढतो तेव्हा होते.

हे मला कोहळ्याने, म्हणजे लाल भोपळ्याने, शिकवलं. आमच्या भागात रोडग्याची पंगत म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मंदिरामागे गोवऱ्यांचा हार लागलेला, वांग्याची भाजी एका गंजात, कोहळ्याची दुसऱ्या. कापायला पावशा (विळ्या) दोनच होत्या, माणसं पंधरा. माझ्या साळ्याने ऐटीत खिशातून पाच इंची घडीचा चाकू काढला, नवा कोरा, शहरातून आणलेला. पहिलं कोहळं झकास फोडलं. दुसरं निबर होतं, साल लाकडासारखी. पातं निम्मं आत गेलं आणि अडकलं. एक म्हातारे बाबा पावशीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अरे बापू, ओढू नको, पाठीवर काठी हाण!" म्हातारा बरोबर सांगत होता. पातं अडकलं की त्याला खाली, कापायच्याच दिशेने न्यायचं असतं. पण याने काय केलं, डाव्या हाताने कोहळं दाबलं आणि उजव्या हाताने मूठ वर ओढत डावी-उजवी हलवली. कोहळ्याने पातं धरून ठेवलेलं, मूठ वर येतेय, म्हणजे पातं मुठीकडे मिटायला बघतंय. त्यात हलवल्यामुळे आतली पातळ पत्ती जागेवरून सरकली. टप्प असा बारीक आवाज आला, 'खट्ट' नव्हे, आणि चाकू त्याच्या पहिल्या दोन बोटांवर मिटला. चार टाके. नशीब धार नवी होती. बोथट असती तर जखम फाटली असती.

तो चाकू नंतर मी खोलून बघितला. खटका म्हणजे मुठीच्या आतल्या अस्तराचीच एक वाकवलेली पत्ती, जाडी नखाएवढी, आणि पात्याच्या बुडाला तिचा जेमतेम कोपरा टेकत होता. पात्याला तोच टेकू, बाकी काही नाही. असल्या खटक्याला आम्ही दुकानात 'पत्तीवाला' म्हणतो. वाईट नसतो, चांगल्या कारखान्याचा असेल तर जाड असतो आणि पूर्ण टेकतो. पण स्वस्तातल्या मोठ्या चाकूत लांब पातं आणि पातळ पत्ती अशी जोडी हमखास असते, कारण व्हिडिओत पातं दिसतं, पत्ती दिसत नाही.

पाठीवरचा खटका, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला दाबून सोडवायचा, तो मला जास्त भरवशाचा वाटतो. ओपिनेलची फिरवायची कडी तर अगदीच साधी; 1955 मध्ये त्यांनी ती बसवली आणि आजही तीच आहे. कडी फिरवायला विसरलात मात्र तर मग खटका आहे कुठे? आमच्याकडे जत्रेत मिळणाऱ्या साध्या चाकूंना खटका नसतोच, नुसती कमान (स्प्रिंग) असते. त्यांचं एक बरं असतं, माणूस त्यांना जपून वापरतो.

दुरुस्तीला माझ्याकडे घडीचे चाकू येतात त्यांत मोठे आणि छोटे वेगवेगळ्या दुखण्याने येतात. छोटा येतो तो झिजून: धार लावून लावून पातं काडीसारखं झालेलं, मालक म्हणतो अजून एकदा लावून द्या. मोठा येतो तो जवळजवळ नवा, पण खिळखिळा. पातं डावी-उजवी हलतं, टोक मोडलेलं, कारण कुणीतरी त्याने डबा उचकटला किंवा फांदीत घालून पिळला. झिजलेला मोठा घडीचा चाकू मी बत्तीस वर्षांत एकच पाहिला. तो एका टरबूजवाल्याचा होता.

त्या टरबूजवाल्यापाशी पुन्हा येऊ. आधी तुमच्या वडिलांच्या वावरात फिरून बघू.

संत्र्याच्या बागेत चाकू कुठे लागतो? बहार तोडला की सल काढायची असते. वाळलेल्या फांद्या, हिरव्या भागाचा थोडासा अंश घेऊन, स्वच्छ कापायच्या. ते काम सिकेटरचं, म्हणजे छाटणीच्या कात्रीचं, आणि जाड फांदीला आरीचं. सहा इंची चाकूने सल काढायला गेलात तर निम्म्या फांद्या कापल्या जातील, निम्म्या सोलल्या जातील, आणि त्या सोललेल्या जागी रोगाला घर मिळेल. डिंक्या रोग झाला असेल तर खोडावरची कुजकी साल खरडून निरोगी भागापर्यंत यायचं आणि बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे खरडणं म्हणजे बोटांचं काम. इथं अडीच-तीन इंचांचं छोटं, ताठ पातं हवं, ज्याचं टोक कुठे आहे ते न बघताही कळतं. लांब पात्याचं टोक हातापासून वीतभर दूर असतं. खरडायला जाता आणि चांगली साल उडवून बसता. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारे कलमवाले बघा, त्यांची सुरी दोन-अडीच इंचांची, आणि ते ती दुसऱ्याला हातही लावू देत नाहीत. शिवाय एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्यावं लागतं, नाहीतर कापता कापता आपणच विषाणू वाटत फिरतो. सरळ सुरी बुडवून पुसली की झालं. घडीच्या चाकूच्या सांध्यात ते पाणी शिरतं आणि आठवड्यात पिनेला गंज धरतो.

ठिबकची नळी, युरियाच्या पोत्याची शिवण, नायलॉनचा दोर, सुतळी, ताडपत्री: सगळीकडे तीन इंच पुष्कळ. धुऱ्यावरचं गवत, तुरीच्या तुऱ्हाट्या, बोरीची काटेरी फांदी: विळा किंवा कुऱ्हाड. मधल्या जागेत, जिथं विळा जड आणि छोटा चाकू तोकडा, अशी कामं शोधायला गेलो तर हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आता तो टरबूजवाला. उन्हाळ्यात रस्त्याकाठी बसायचा, सहा-साडेसहा इंची घडीचा चाकू, पातं पातळ आणि रुंदीला बेताचं. टरबूज आरपार एका ओढीत. लांब पात्याचा हाच खरा गुण आहे, ढकलायचं नाही, ओढायचं. लांबी ओढण्यासाठी असते. टरबूज, पपई, मोठा पाव, फणस नव्हे पण अननस, थर्मोकोल, गादीचा फोम, अशा मऊ आणि जाड वस्तूंना लांब, पातळ पातं लोण्यासारखं जातं. रुतत नाही, त्यामुळे खटक्यावर भार येत नाही. संध्याकाळी तो चाकू मिटून बनियनच्या खिशात टाकून सायकलने घरी जायचा. घडीचा आणि मोठा, दोन्ही गोष्टींचा उपयोग करणारा तेवढा एक माणूस मला भेटला. पण त्यानेही मला कबूल केलं, "भाऊ, रोज रात्री हा गरम पाण्यात टाका लागते, नाई तं सकायी मुंग्या." फळाचा रस, मासळीचं पाणी, काहीही ओलं-गोड सांध्यात शिरलं की आत बसतं. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर मासे साफ करणाऱ्यांच्या हातात मी घडीचा चाकू कधी पाहिला नाही. त्यांना कळतं.

आपल्या काळ्या मातीचं आणखी वेगळंच. उन्हाळ्यात तिची पिठासारखी धूळ, पावसाळ्यात तोच चिकट गारा. पातं मिटताना मुठीच्या खाचेत गारा गेला की वाळून दगड होतो, पातं पूर्ण बसत नाही, टोक दोन सूत बाहेर राहतं. एका पोराची पँटची शिवण आणि मांडी त्या दोन सुतांनी फाडली होती. लाकडी मुठीचा असेल तर आषाढात लाकूड फुगतं आणि पातं उघडतच नाही. ओपिनेलवाले त्यावर मुठीचं बूड टेबलावर आपटतात, टोक जरा बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढतात. पुण्यात टेबलावर ठीक आहे. चिखलात उभा असलेला माणूस कशावर आपटेल?

पासष्टीच्या माणसाच्या अंगठ्याचाही विचार करा. मोठ्या चाकूची कमान कडक असते, असावीच लागते. माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत पाठीवरचा खटका दाबता येत नव्हता. दोन्ही हातांनी दाबायचे, आणि मिटणारं पातं गुडघ्याला टेकवायचे. ते बघितल्यावर मी तो चाकू काढून घेतला. रागावले होते.

पोलिसांचं विचारलंत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या किंवा शास्त्रीय कामासाठी बनवलेले सोडून. शस्त्र कायदा 1959 चा, आताचे नियम 2016 चे. म्हणून विळा-कोयता विकायला मला शस्त्राचा परवाना लागत नाही. तुमचं सहा इंची पातं या मापात बसत नाही, एवढं खरं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बटणाचे, गरारीचे (दातेरी खटक्याचे), स्प्रिंगने उघडणारे चाकू वेगळ्या नजरेने बघितले जातात. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने तसल्या चाकूंसाठी 7.62 सेंटीमीटर लांबी आणि 1.72 सेंटीमीटर रुंदी ही हद्द ठरवली; लांबी म्हणजे तीन इंच. आपल्याकडे निवडणूक, सणवार, काही तणाव असला की महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाईचे आदेश निघतात, त्या काळात शस्त्र म्हणता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगणं अंगाशी येतं. आणि कायद्याच्या पलीकडचं, व्यवहाराचं: वावरात विळा घेऊन चाललेल्या माणसाला कुणी हटकत नाही, पण रात्री दहाला बसस्टँडवर तरण्या पोराच्या खिशात काळ्या मुठीचा सहा इंची घडीचा चाकू सापडला, तर तो संत्र्यासाठी आहे हे पटवून द्यायला फार वेळ लागतो. गावी न्यायचाच तर खोक्यात, बिलासकट, सामानाच्या तळाशी. विमानाने आलात तर हातातल्या बॅगेत अजिबात नाही.

जंगलाचंही सांगून ठेवतो, कारण तुमच्या वर्धा जिल्ह्यातच बोर अभयारण्य आहे आणि पुण्याचे मित्र आले की तिकडे जायची टूम निघते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला मनाई आहे, आणि तिथं शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन लिहिलाय. त्याला लांबीची मर्यादाही दिलेली नाही. वाघासाठी म्हणून मोठा चाकू घेणारे दोन गिऱ्हाईक मला आजवर भेटले. दोघांनाही मी चहा पाजून परत पाठवलं.

मग घ्यायचं काय? वडिलांसाठी तीन ते साडेतीन इंच पात्याचा, पाठीवरच्या खटक्याचा किंवा कडीचा, स्टेनलेस पात्याचा चाकू घ्या. मूठ जराशी खरबरीत आणि रंग भगवा-पिवळा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण गवतात पडलेला काळा चाकू दिवाळीत हरवतो तो शिमग्याला सापडतो. संत्र्याचा रस आंबट असतो, साध्या पोलादावर रात्रीत काळे डाग पडतात. धार साध्या पोलादाला लवकर लागते हे खरं, पण पुसायची सवय नसेल तर स्टेनलेसच बरं. सोबत इथल्याच लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्टीची सहा इंची सरळ सुरी करून घ्या, कातडी म्यानासकट. दोन्ही मिळून तुमच्या त्या मोठ्या चाकूपेक्षा स्वस्त पडतील.

आणि तरीही मोठाच घ्यायचा असेल, हौसेपोटी, स्वतःसाठी, तर घ्या. मी कोण नाही म्हणणारा, माझ्या खणात आठ आहेत. फक्त पातं पाच इंचांच्या पुढे नेऊ नका आणि हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उघडून टोक चिमटीत धरा, वर-खाली हलवा, मग डावी-उजवी. वर-खाली जरा जरी हललं तर खाली ठेवा. डावी-उजवी किंचित हलत असेल आणि पिनेला स्क्रू असेल तर आवळता येतं. खिळा ठोकलेला असेल तर नाही. खटका पात्याला किती टेकतो ते उजेडात धरून बघा, पत्तीची निम्मी रुंदी तरी पात्याच्या बुडाखाली यायला हवी. मिटल्यावर पातं खाचेच्या मधोमध बसतं का, आणि उलटा धरून झटकला तर आपोआप उघडतो का, हेही बघा. पिनेजवळ पितळेचे वायसर असले तर उत्तम.

धारेसाठी रस्त्यावरच्या सायकलवाल्या चाकाकडे देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, कडेला निळी झाक आली की समजा 300 अंशांच्या आसपास गेलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा पट्टा पुढे कायम मऊ राहतो, कितीही घासा. सपाट दगडावर, पाणी टाकून, पंधरा-वीस अंशांत पातं तिरकं धरून, मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत. सहा इंची पात्याला लांब दगड नसेल तर मध्ये पोट पडतं, हा आणखी एक त्याचा त्रास. सांधा महिन्यातून एकदा रॉकेलने धुवा, वाळू द्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

एवढं वाचून होईपर्यंत ऑर्डर गेलीच असेल आणि पार्सल रस्त्यात असेल, तर निदान वडिलांना देताना कोहळ्याचं सांगा. आणि पहिल्या दिवशी टरबूजच कापा. दिवाळीत मिळालं नाही तर पपई.